टॉमी विल्सनचे घर: एका राष्ट्राध्यक्षाच्या स्मारकाने विषय बदलला तेव्हा

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्याची राजधानी कोलंबिया. (डॉ. आंबेडकर शिकले ते कोलंबिया विद्यापीठ न्यू यॉर्कमधले. ते वेगळे, पण पुढे त्याचाही उल्लेख येईल.) या शहरातल्या हॅम्प्टन स्ट्रीटवर १८७१ च्या सुमारास बांधलेले एक दुमजली लाकडी घर आहे. अमेरिकेचे २८ वे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या कुमारवयाची काही वर्षे या घरात गेली. सात-आठ दशके ते विल्सन यांचे स्मारक म्हणून उभे होते. २००५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये दार उघडले तेव्हा आत वेगळेच संग्रहालय होते. विल्सन तिथे होते, पण मध्यभागी नव्हते. मध्यभागी होते कोलंबिया शहर आणि गुलामगिरी संपल्यानंतरची बारा वर्षे.

हे कसे घडले, कुठे निर्णय घ्यावे लागले आणि काय राहून गेले, याची ही मांडणी.

## पार्श्वभूमी

विल्सन यांचा जन्म १८५६ चा, व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनचा. वडील जोसेफ प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. ते मूळचे उत्तरेकडच्या ओहायोचे, पण दक्षिणेत पुरते रुजलेले. जानेवारी १८६१ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे त्यांनी मालक आणि गुलाम यांचे नाते बायबलला धरूनच आहे, असे प्रवचन दिले होते. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत पेटलेले यादवी युद्ध (१८६१-६५) ऑगस्टामध्ये काढून १८७० मध्ये हे कुटुंब कोलंबियाला आले, कारण वडिलांना तिथल्या धर्मशास्त्र विद्यालयात नोकरी मिळाली. मुलाला तेव्हा घरात टॉमी म्हणत. तो १३ वर्षांचा होता. आईवडिलांनी स्वतःचे घर बांधले, आईने अंगणात मॅग्नोलियाची झाडे लावली आणि १८७४ मध्ये बिऱ्हाड पुन्हा हलले.

म्हणजे या शहरात जेमतेम चार वर्षे, आणि या घरात त्याहूनही कमी.

पण वर्षे कोणती, ते पाहा. युद्ध हरलेल्या दक्षिणेत नवी राज्यव्यवस्था उभी राहत होती. अमेरिकेच्या इतिहासात तिला ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणतात, १८६५ ते १८७७ चा पुनर्रचनेचा काळ. साउथ कॅरोलायनाच्या लोकसंख्येत १८७० च्या जनगणनेनुसार सुमारे ५९ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. कालपर्यंत गुलाम असलेल्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. १८६८ मध्ये नवी राज्यघटना झाली आणि सर्वांसाठी सरकारी शाळांची तरतूद आली. विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात कृष्णवर्णीय प्रतिनिधींचे बहुमत झाले. दुसऱ्या कुठल्याही राज्यात तेव्हा असे घडले नाही. विल्सनांच्या घरापासून ते सभागृह चालत जाण्याच्या अंतरावर होते.

१८७१ च्या अखेरीस याच शहरात फेडरल न्यायालयात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या दहशतवाद्यांच्या गुप्त संघटनेवरचे खटले सुरू झाले. राज्याच्या उत्तरेकडच्या नऊ काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, क्लॅनने इतका उच्छाद मांडला होता, की राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी तिथे बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क तहकूब करून धरपकड केली होती. ऑक्टोबर १८७३ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला, आणि कित्येक गोरे प्राध्यापक व विद्यार्थी विद्यापीठ सोडून गेले. हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर रिचर्ड ग्रीनर त्याच वर्षी तिथे प्राध्यापक झाले.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. ती अर्पणपत्रिका वाचताना आपण १८६५ चा विजय डोळ्यांपुढे आणतो. फुले लिहीत होते त्या वर्षी त्या विजयाचे काय होत होते, ते कोलंबियाच्या रस्त्यांवर दिसत होते. एक १६ वर्षांचा मुलगा ते बघत होता.

पुढे हाच मुलगा इतिहासाचा प्राध्यापक झाला, प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, १९१२ ची निवडणूक जिंकला. १९१३ पासून त्याच्या सरकारने पोस्ट, अर्थखाते अशा केंद्रीय कचेऱ्यांमध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली. १९१४ पासून नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र मागितले जाऊ लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कृष्णवर्णीय संपादक विल्यम मनरो ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन विल्सन यांना भेटले. ही विभागणी अपमानासाठी नाही, तुमच्या भल्यासाठीच आहे, असे त्यांनी ट्रॉटर यांना ऐकवले आणि बोलण्याच्या सुरावर नाराज होऊन भेट आटोपती घेतली. ट्रॉटर यांनी दोनच वर्षांपूर्वी याच माणसाला मत द्या म्हणून प्रचार केला होता.

## घराचे देवघर

१९२० च्या दशकाच्या अखेरीस हे घर पाडण्याचे घाटत होते. विल्सन यांचा मृत्यू १९२४ चा, त्यामुळे आठवण ताजी होती. पहिले महायुद्ध जिंकणारा, राष्ट्रसंघाचे स्वप्न पाहणारा, दक्षिणेत वाढलेला राष्ट्राध्यक्ष. नागरिकांनी पुढाकार घेतला, घर वाचले आणि त्याचे संग्रहालय झाले. घराची मालकी पुढे रिचलंड काउंटीकडे आली आणि कारभार हिस्टॉरिक कोलंबिया या स्थानिक वारसा-संस्थेकडे. शहरातली आणखीही काही जुनी घरे ही संस्था सांभाळते.

घरातला ऐवज सांगायचा तर जुने फर्निचर, कुटुंबाच्या काही वस्तू आणि सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे विल्सन यांचा जन्म ज्यावर झाला तो पलंग. जन्म स्टॉन्टनचा, पलंग कोलंबियात. अशा घरांचा फेरफटका आपल्याला पाठ असतो. ही बैठकीची खोली, हे त्या काळचे दिवे, इथे आई बसत असे. वर्णभेदाबद्दल अशा फेरफटक्यात कोणी खोटे बोलत नाही, कारण तो विषयच निघत नाही.

## अडचण

२००५ मध्ये घर बंद करावे लागले ते इमारत खिळखिळी झाली म्हणून. विचार बदलला म्हणून नव्हे, हे नोंदवून ठेवायला हवे. पण दार बंद झाल्यामुळे एक प्रश्न टाळता येईना: एवढी वर्षे आणि एवढा सार्वजनिक पैसा घालून हे घर पुन्हा उभे करायचे, ते कशासाठी?

विल्सन यांची घरे चिकार आहेत. जन्मस्थान स्टॉन्टनला आहे. बालपणाची मोठी वर्षे ऑगस्टाच्या घरात गेली. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर ज्या घरात राहिले आणि वारले, ते वॉशिंग्टनच्या एस स्ट्रीटवर आहे. या रांगेत कोलंबियाचा हक्क सर्वांत दुबळा. चार वर्षे राहिलेल्या पोराचे घर बघायला कोण येणार?

दुसरी अडचण खोल होती. कोलंबियाच्या कृष्णवर्णीय नागरिकांसाठी विल्सन म्हणजे त्यांच्या आजोबा-पणजोबांना कचेरीत पडद्याआड बसवणारा माणूस. आणि रिकन्स्ट्रक्शनबद्दल गोऱ्या दक्षिणेत पिढ्यानुपिढ्या सांगितली गेलेली गोष्ट अशी, की अडाणी कृष्णवर्णीय आणि लुटारू उत्तरेकडच्यांनी राज्य बुडवले आणि गोऱ्यांनी ते ‘सोडवले’. या गोष्टीला विद्वत्तेची झूल चढवली ती न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकत होते तेव्हा डनिंग त्याच विद्यापीठात शिकवत होते आणि व्हाइट हाऊसमध्ये विल्सन होते. कृष्णवर्णीय विचारवंत आणि इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये या मांडणीला ग्रंथभर उत्तर दिले, १९६० नंतर इतिहासकारांनी ती सोडून दिली. लोकांच्या मनातून मात्र ती गेली नव्हती.

आणि विल्सन स्वतः या गोष्टीचे एक लेखक होते. १९०२ मध्ये आलेल्या त्यांच्या अमेरिकेच्या इतिहासातली वाक्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या १९१५ च्या मूकपटात पाट्यांवर झळकली. क्लॅनला तारणहार ठरवणारा तो चित्रपट. १८ फेब्रुवारी १९१५ ला तो व्हाइट हाऊसमध्ये दाखवला गेला.

## समोरचे रस्ते

अशा वेळी संस्थेपुढे साधारण चार वाटा असतात.

पहिली, होते तसे परत मांडणे: घर दुरुस्त, पलंग जागेवर, एखादा फलक ‘त्यांच्या काळातील मर्यादा’ असा. देणगीदार नाराज होत नाहीत, स्वयंसेवकांना नवे काही शिकावे लागत नाही. पण असा एकटा फलक मला नेहमी सर्वांत अप्रामाणिक वाटतो. तो विषय काढल्याचे श्रेय घेतो आणि बोलत काहीच नाही.

दुसरी, विल्सन यांचाच हिशेब मांडणे. एका बाजूला राष्ट्रसंघ, कामगार कायदे, मध्यवर्ती बँक. दुसऱ्या बाजूला वर्णविभागणी. ही वाट न्याय्य दिसते. पण तिच्यात कृष्णवर्णीय माणसे फक्त जमाखर्चाच्या खर्चाच्या बाजूला येतात, ज्यांच्यावर अन्याय झाला ती म्हणून. १८७२ मध्ये याच शहरात ती कायदे करत होती, शाळा काढत होती, चर्च बांधत होती, हे त्या हिशेबात येतच नाही.

तिसरी, विल्सन यांचे नाव काढून टाकणे. प्रिन्स्टनने जून २०२० मध्ये सार्वजनिक धोरणाच्या विद्यालयावरून ते काढले. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी मागणी केली, २०१६ मध्ये विश्वस्तांनी नाव ठेवले आणि चार वर्षांनी फिरवले. विद्यालयाला दुसरे नाव देता येते. पण ज्या घरात तो मुलगा खरोखर राहिला, त्याचा पत्ता कसा बदलणार?

चौथी वाट, घर ठेवायचे, विषय बदलायचा. विल्सन कोण झाले हे न सांगता, ते मोठे होत होते तेव्हा बाहेर काय चालले होते ते सांगायचे.

## निर्णय आणि कृती

चौथी वाट निवडली गेली. घर नव्या नावाने उघडले: विल्सन कुटुंबाचे निवासस्थान, आणि त्यासोबत कोलंबिया व रिचलंड काउंटीतील रिकन्स्ट्रक्शनचे संग्रहालय. फक्त याच काळाला वाहिलेले अमेरिकेतले पहिले संग्रहालय म्हणून ते ओळखले गेले. आधीची दुबळी बाजूच इथे उपयोगी पडली, असे मला वाटते. वॉशिंग्टनच्या घरात राष्ट्राध्यक्ष बाजूला सारता येत नाही. टॉमी मात्र सहज बाजूला सरकतो, कारण त्या चार वर्षांत त्याच्या हातून काहीच घडलेले नाही. तो फक्त तिथे होता.

पहिला अवघड निर्णय वस्तूंचा. पलंग, खुर्च्या, आरसे खोलीभर ठेवले की येणारा माणूस फर्निचर बघतो. म्हणून खोल्या मोकळ्या केल्या. मोजके फर्निचर, आणि भिंतीवर व पडद्यावर गोष्ट: मतदान आणि विधिमंडळ, शाळा, चर्च, घरकाम करणाऱ्या बाया, क्लॅनची दहशत, १८७६ ची निवडणूक. ती निवडणूक म्हणजे जुना लष्करी सेनानी वेड हॅम्प्टन आणि त्याचे ‘रेड शर्ट्स’, लाल सदऱ्यांतले सशस्त्र गोरे, यांनी धाकदपटशा, मारहाण आणि खुनांच्या जोरावर मिळवलेली सत्ता. विल्सन कुटुंब राहत होते तेव्हा घरासमोरचा रस्ता प्लेन स्ट्रीट होता. आज तो हॅम्प्टन स्ट्रीट आहे.

दुसरा निर्णय काळाच्या सीमेचा. कुटुंब १८७४ मध्ये गेले, गोष्ट तिथे थांबवली असती तर ती आशेवर संपली असती. ती १८७७ पर्यंत नेली, आणि त्याच्याही पुढे, या काळाची आठवण कशी विकृत केली गेली तिथपर्यंत. तिथेच विल्सन परत येतात, पण इतिहासकार म्हणून आणि त्या मूकपटाचे यजमान म्हणून. मला हा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. मुलाने जे पाहिले आणि मोठेपणी त्याबद्दल जे लिहिले, त्यातले अंतर घरातल्या घरात मोजता येते. विल्सन यांनीच १९०९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या एका भाषणात कबूल केले होते, की मुलगा आपल्या लहानपणातून कधीच बाहेर पडत नाही.

इथे एक सापळा आहे. चित्रपट पाहून विल्सन म्हणाले, ‘हा तर विजेने लिहिलेला इतिहास आहे’, असे वाक्य सगळीकडे फिरते. त्याला समकालीन पुरावा नाही. ते त्यांच्या नावावर नंतर चिकटले. असले चटकदार वाक्य सोडणे कुठल्याही संग्रहालयाला जड जाते. पण वर्णभेदाचा आरोप करताना एक खोटे वाक्य वापरले, की समोरचा त्या एका वाक्याला धरून बाकी सगळे फेटाळतो. चित्रपटातल्या पाट्या आहेत, त्यांचे पुस्तक आहे, ट्रॉटर भेटीची नोंद आहे. एवढे पुरते.

तिसरा निर्णय माणसांचा, आणि तोच सर्वांत कमी दिसतो. अशा घरांत फेरफटका घडवतात ते बहुतेक स्वयंसेवक असतात, वयाने मोठे, शहरावर प्रेम करणारे. शाळेत त्यांनी रिकन्स्ट्रक्शनची जुनीच गोष्ट शिकलेली. आता त्यांनाच ती चूक होती असे अनोळखी पाहुण्यांपुढे उभे राहून सांगायचे. साउथ कॅरोलायना विद्यापीठातल्या इतिहासकारांची मदत घेऊन प्रशिक्षण झाले. फलक एकदा लिहिला की तोच राहतो. माणूस दर फेरीला नव्याने बोलतो, अडखळतो, जुन्या सवयीने पलंगाकडे वळतो. एखादा पाहुणा ‘पण क्लॅनने सुव्यवस्था आणली ना?’ असे विचारतो तेव्हा उत्तर फलकाला नाही, त्या माणसाला द्यायचे असते.

## परिणाम

२०१४ मध्ये संग्रहालय उघडले तेव्हा राज्याच्या विधानभवनाच्या आवारात बंडखोर दक्षिणेचा युद्धध्वज फडकतच होता. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर, १० जुलैला तो उतरला. संग्रहालयामुळे उतरला असे कोणी म्हणणार नाही. पण ध्वज का होता, हे विचारणाऱ्याला उत्तर शोधायला शहरात एक जागा झाली होती.

जानेवारी २०१७ मध्ये याच राज्यातल्या ब्यूफर्टला ओबामांनी रिकन्स्ट्रक्शनचे राष्ट्रीय स्मारक जाहीर केले. असाच प्रयत्न २००० च्या दशकाच्या सुरुवातीला स्थानिक विरोधामुळे बारगळला होता. २०१८ मध्ये विद्यापीठाच्या आवारात ग्रीनर यांचा पुतळा उभा राहिला. ज्या विद्यापीठाने १८७७ मध्ये दार बंद करून पुढे केवळ गोऱ्यांसाठी उघडले आणि १९६३ पर्यंत तसेच ठेवले, त्याच्याच आवारात.

संग्रहालयाचे नाव नंतर पुन्हा बदलले. आता रिकन्स्ट्रक्शन पुढे आहे आणि विल्सन मागे: ‘विल्सन कुटुंबाच्या घरातील रिकन्स्ट्रक्शन काळाचे संग्रहालय’. नुसती शब्दांची अदलाबदल, पण पाटी वाचणाऱ्याला विषय दारातच कळतो. राष्ट्राध्यक्ष बघायला आलेला माणूस आत गेल्यावर फसल्यासारखा होत नाही.

## वेगळे काय करता आले असते

नाव पहिल्याच दिवशी बदलायला हवे होते. दोन्ही बाजू सांभाळणारे लांबलचक नाव ठेवले, की विल्सनप्रेमींना वाटते आपले घर हिसकावले आणि ज्यांची गोष्ट सांगायची ते पाटी वाचून पुढे निघून जातात. हे मी नंतर मागे वळून बघत म्हणतो आहे. त्या वेळी देणग्या आणि काउंटीची मंजुरी मिळवणाऱ्यांना ते इतके सोपे नसणार.

दुसरी खंत इमारतीचीच. शेवटी हे एका गोऱ्या, सुस्थितीतल्या धर्मोपदेशकाचे घर. त्यात शिरून कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगायचा, म्हणजे पाहुण्याच्या पायाखाली सतत दुसऱ्याच कुटुंबाच्या फळ्या. स्वयंपाक करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या बायांचा फलक आहे, पण त्यांच्या हातची वस्तू नाही. जवळच रिचलंड स्ट्रीटवर सीलिया मॅन या कृष्णवर्णीय सुईणीच्या कुटुंबाची जागा आहे, तीही हीच संस्था सांभाळते. या दोन जागा एकाच फेरफटक्यात बांधल्या आणि सुरुवात सीलियाच्या दारातून केली, तर विल्सनांच्या घरात शिरणारा माणूस वेगळ्या डोळ्यांनी शिरेल.

आणि फेरी घरात संपू नये. विल्सन यांचे आईवडील शहराच्या मध्यात, फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चच्या आवारात पुरलेले आहेत. थोड्या अंतरावर रँडॉल्फ दफनभूमी आहे. हे घर बांधले गेले त्याच सुमारास कृष्णवर्णीय नागरिकांनी जमीन घेऊन ती उभारली आणि बेंजामिन रँडॉल्फ यांचे नाव तिला दिले. ते राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. ऑक्टोबर १८६८ मध्ये भरदिवसा, रेल्वेस्थानकावर, गाडी बदलताना त्यांना गोळ्या घातल्या. त्या काळचे अनेक कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी तिथे विसावले आहेत. घरातून निघालेल्या पाहुण्याला त्या दगडांवरची नावे वाचायला अर्धा तास द्यायला हवा.